कुठली मनी?

अक्का गेल्याचा भाचीचा फोन आला तेव्हा मी कोपरला, अक्काच्याच घरात, मांजराच्या वाटीतलं पाणी कमी करत उभा होतो. अक्कानेच तसं सांगितलं होतं. निदान मला तसं वाटलं होतं... दोन महिने झाले, अजून माझं डोकं ठिकाणावर नाही.

अक्का माझी थोरली बहीण, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. तिच्या खिडकीत वर्षानुवर्षं मनीप्लांट होता, त्याला ती लाडाने मनी म्हणायची. मग जिन्यात सापडलेलं मांजर घरात आलं, आणि मांजराचं नाव मनी सोडून दुसरं काय असणार? एकदा या मनीने त्या मनीचं पान चावलं आणि लाळ गाळत बसली. डॉक्टर म्हणाले, हा वेल मांजरांना बाधतो. अक्काने तो त्याच दिवशी काढला आणि कल्याणच्या एका नर्सरीतून वीतभर उंचीचं, जाड पानांचं रोपटं आणलं. मांजराने चावलं तरी भीती नाही असं. नाव पेपेरोमिया.

"या नावाने हाक मारू होय? जागा मनीची, नावही मनीच."

"अगं अक्का, एका घरात दोन मनी?"

"माझ्या वर्गात तीन सुनीता होत्या. जिचं तिला बरोबर कळायचं."

ती रोज सकाळी कुंडीतल्या मातीत बोट खुपसायची. ओल लागली तर पाणी नाही. "आधी विचारायचं, मग द्यायचं," म्हणायची. मी हसायचो. झाडांतलं मला ओ की ठो कळत नाही.

हॉस्पिटलमधून तिने मला व्हॉइस मेसेज पाठवला. "विनू, मनीला उन्हात ठेवू नकोस. पाणी कमीच दे, जास्त सोसत नाही तिला. आल्यावर बघते मी." मी आज्ञाधारक धाकटा भाऊ. मांजराची वाटी अर्धी केली, खिडकीतल्या उन्हातून तिला उचलून आत आणली. रोपाबद्दल अक्का काहीच बोलली नाही म्हणून त्याची दया आली, त्याला सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी घातलं. मांजर कुंडीखालच्या बशीत साचलेलं पाणी प्यायचं, त्याबद्दलही मी तिला ओरडलो.

तेराव्यानंतर आवराआवर करताना रोपाचा देठ हातात आला, कुजून मऊ झालेला. भाची म्हणाली, "मामा, अरे आईने झाडाचं सांगितलं असणार." मी खालीच बसलो आणि रडलो. बहिणीने शेवटचं एवढंसं काम सांगितलं, तेही उलटं केलं. तो मेसेज मी अजून ऐकतो. कधी वाटतं झाडच, कधी वाटतं मांजरसुद्धा, आणि कधी तर तिचा नुसता आवाज ऐकू येतो, शब्द कळतच नाहीत.

एक पान तेवढं धड होतं. भाचीने ते देठासकट कोरडसर मातीत खोचून दिलं. आता दोन्ही मनी कोलशेतला माझ्याकडे आहेत. मी रोज सकाळी मातीत बोट घालून विचारतो, "मनी, पाणी हवं का?" मांजर मान वर करतं. परवा त्या पानाच्या बुडाशी तुरीच्या डाळीएवढं नवं पान दिसलं. हे कुणाला सांगायचं ते सुचेना... आल्यावर बघते म्हणाली होती. कुंडी दारातून दिसेल अशी ठेवली आहे.