जिनं उपटली तिची पराटी

मी इंजिनिअर झालो तो माझ्या मोठ्या वहिनींमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. मी वणीला शिकत होतो तेव्हा माझ्या वाटचं शेतकामही त्यांनीच केलं आणि कधी बोलून दाखवलं नाही.

झरी जामणी तालुक्यात आमच्या गावी कापूस वेचून झाला की बाया पराटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, चिमट्यानं उपटतात. शेत कुणाचंही असो, जिनं उपटली तिची पराटी. मोळ्या घरामागे रचल्या की चुलीची सोय होते. सिलिंडर असतो, पण तो पाहुण्यांसाठी.

राजूरकडच्या ज्या प्रकल्पात मी नोकरीला लागलो, तिथं कोळशात पराटीचा भुसा मिसळून वायू करायचा होता. हवा कमी, उष्णता भरपूर, सोबत वाफ. पूर्ण जळू द्यायचं नाही. त्या वायूपासून पुढे खतं, रसायनं होतात आणि पराटीमुळे तेवढा कोळसा वाचतो. माझा त्यावर विश्वास होता, आजही आहे.

वहिनींना सांगितलं तर त्या हसल्या. "भाऊजी, जाळाचं नाई त मंग पराटी नेता कायले?"

"जाळतो, पण अर्धवट."

"अर्धवट त माही चूल बी जाळते. डोळे पाहा माहे."

तरी त्यांनीच घरोघरी जाऊन बायांना तयार केलं. प्रकल्पाच्या साहेबांनी गावात येऊन शब्द दिला होता, की पराटीच्या बदल्यात पावसाळ्याआधी चुलीसाठी भुशाच्या दाबलेल्या कांड्या देऊ. त्या वर्षीची सगळी पराटी ट्रकांत गेली.

पराटी कोरडी ठेवायला शेड हवी, हे मी लेखी दिलं होतं. साहेबांनी ती बांधली नाही. अवकाळी पावसात ढीग भिजला. ओल्या सालीचे धागे भुसा आत ढकलणाऱ्या स्क्रूला दोरीसारखे गुंडाळले गेले आणि यंत्र अडलं. मग साहेबांनी निव्वळ कोळशावर काम सुरू केलं. ढीग मात्र फाटकाशी ठेवला, तपासणीला येणाऱ्या पाहुण्यांना दाखवायला.

पावसाळा लागला, कांड्या आल्या नाहीत. मी गावी गेलो तेव्हा वहिनी जंगलातून मोळी घेऊन येत होत्या. त्याच वाटेवर वाघानं गाय मारली होती. शेजारची बाई मला ऐकू जाईल अशा आवाजात वहिनींना म्हणाली, "तुह्या देराले इचार, आमची पराटी खाऊन कंपनीनं ढेकर तरी देला का?"

वहिनींनी मोळी उतरवली. "जेवून घ्या, भाऊजी," एवढंच म्हणाल्या.

मी साहेबांकडे गेलो. "सर, वापरत नाही तर पराटी परत द्या."

"काडीकचरा आहे तो. त्यात काय एवढा जीव अडकतो तुमच्या लोकांचा?"

काडीकचरा. तो शब्द आठवला की आजही माझं डोकं तापतं.

पाहुणे आले. पराटी किती टक्के घालता, असं त्यांनी विचारलं. साहेब तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "शून्य. भुसा नेणारा पट्टा रिकामा फिरतोय, वाकून पाहा." ते वाकले.

त्यानंतर साहेबांच्या केबिनमध्ये जे झालं ते फोनवर सांगताना माझा आवाज चढला असता. म्हणून पत्र लिहिलं.

"वहिनी, नमस्कार.

रविवारी पराटीचा ट्रॅक्टर गावी येईल. मी ती पाहुण्यांसमोरच परत मागितली, साहेबांना हो म्हणावं लागलं. वरचा थर सडला आहे, तो उकिरड्यावर टाका; आतली कोरडी आहे. आधी बाकीच्यांना वाटा, आपली शेवटी घ्या, म्हणजे कुणाला बोलायला जागा राहणार नाही.

मला उद्यापासून कोळशाच्या आवारात टाकलं आहे. नोकरी टिकेल की नाही, ठाऊक नाही. दादाला एवढ्यात सांगू नका. मी तुम्हाला सांगितलेली पद्धत खरी आहे, एक शेड बांधली असती तर तुम्हालाही ते दिसलं असतं.

ट्रॅक्टर येईपर्यंत जंगलात जाऊ नका. पाहुणे नसले तरी सिलिंडर पेटवा.

तुमचा धाकटा दीर"