बिनशिट्टीचा कुकर

माझ्या सुनेबद्दल मी पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा ती अजून सून झालेली नव्हती. मुलगा टोरांटोहून फोनवर होता. त्याच्या ऑफिसातली मेक्सिकोची मुलगी आहे, कलमा पढलीय, पुढच्या महिन्यात निकाह करतोय, असं त्याने एका दमात सांगून टाकलं. मला राग आला की माझ्या जिभेला हाड राहत नाही. मी म्हटलं, "कलमा पढली म्हणून कोणी आपली होत नाही. उद्या तुझा कंटाळा आला की पढलेलं विसरून जाईल, आणि तू बसशील रडत."

फोन स्पीकरवर होता आणि ती शेजारीच बसली होती. तिला मराठी कुठलं कळायला, पण आवाज तर कळतोच ना. तिने त्याला विचारलं, आई काय म्हणाली? आणि आमच्या या दिवट्याने शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला! अरे, आईचं बोलणं थोडं गाळून सांगावं, एवढीही अक्कल नाही. इथल्या, सौदीतल्या इंडियन स्कूलमध्ये वाढलेला मुलगा. मी मराठीत विचारायचं, त्याने इंग्रजीत उत्तर द्यायचं, अशी आमच्या घरची रीत. नेमकं त्याच दिवशी त्याचं मराठी पक्कं निघालं.

निकाह झाला. मग दोन वर्षं तो दर शुक्रवारी फोन करायचा, पण ती कधी फोनवर आली नाही. मागून भांड्यांचा आवाज यायचा, नळ वाहायचा, म्हणजे ती तिथेच असायची. मीही कधी "तिला दे" म्हटलं नाही. मी मोठी, मी का म्हणू? आमचे हे म्हणायचे, "तुझा ताठा तुला पुरून उरेल." हे हुफूफच्या एका इस्पितळात एसीचं काम बघतात. दिवसभर मशीनशी बोलतात आणि घरी येऊन मला असली एकेक वाक्यं ऐकवतात.

मागच्या हिवाळ्यात मुलाचा फोन आला. दोघं उमऱ्याला, मक्केच्या यात्रेला येत होती. दम्मामला उतरणार, तिथेच हॉटेलात राहणार, शुक्रवारी दुपारी हुफूफला आमच्याकडे जेवणार आणि शनिवारी विमानाने पुढे जाणार. आईबापाचं घर इथे असताना हॉटेल! मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "अम्मी, प्लीज. वन लंच." मी बरं म्हटलं. कारण मला कळलं होतं, हे एक जेवण बिघडलं तर पुढचं कधी मिळायचं नाही. ती तर गेलीच होती, मुलगाही हळूहळू हातचा चालला होता. दोन ओळींचे मेसेज, ईदला फोटो, संपलं. भीती वाटत होती मला. रागापेक्षा भीतीच जास्त, पण ती मी कोणाला दाखवत नव्हते.

मी ठरवलं, तिच्या गावचं काहीतरी करायचं. बिर्याणी तर कोणीही करील. मुलाला गुपचूप विचारलं, तिला काय आवडतं? त्याने लिहिलं, तमाले. मी व्हिडिओ शोधला आणि बघता बघता हसायलाच लागले. मक्याचं पीठ मळायचं, पानावर थापायचं, आत मसाल्याचं बीफ भरायचं, पान दुमडायचं आणि वाफवायचं. अगं बाई, हे तर आमचे पातोळे! आमच्याकडे हळदीच्या पानात तांदळाचं पीठ आणि आत गूळखोबरं, तिच्याकडे मका आणि आत मांस. म्हटलं, हे तर डोळे मिटून होईल.

इतकी वर्षं स्वयंपाक करूनही माणसाला असा माज चढतो.

मक्याचं ते खास पीठ आमच्या इथे मिळेना. ह्यांनी खोबर शहरात जाऊन दोन पाकिटं आणली, वर तोंड वाकडं करून, "पिठासाठी दीडशे किलोमीटर." कणसाची वाळकी पानं मात्र तिथेही नव्हती. म्हणून मल्याळी दुकानातून केळीची पानं आणली. कसायाकडे गेले तर त्याने आधी हाशी पुढे केली, म्हणजे कोवळ्या उंटाचं मांस. मी म्हटलं, "ला, बगर," म्हणजे नको, गाईचं दे. त्याने फऱ्याचं छान चरबीवालं बीफ तोडून दिलं. गुरुवारीच ते लाल मिरच्या, लसूण आणि जिरं घालून मऊ शिजवलं, बोटांनी सोडवलं, रस्सा बाजूला ठेवला. व्हिडिओतली बाई पिठात डुकराची चरबी फेटत होती. तौबा! मी तूप घेतलं.

आता कुकर. माझा शिट्टीचा कुकर पाच लिटरचा, त्यात तमाले उभे राहीनात. माळ्यावर एक इलेक्ट्रिक कुकर खोक्यात पडला होता. वरच्या मजल्यावरची फिलिपिनो नर्स फायनल एक्झिटवर, म्हणजे कायमची मायदेशी गेली तेव्हा देऊन गेलेली. मी त्याला कधी हात लावला नव्हता. बटणांवर माझा विश्वास नाही. पण व्हिडिओतही तसाच होता आणि भांडं मोठं होतं, म्हणून काढला, धुतला.

शुक्रवारी सकाळी हे जुम्म्यासाठी आंघोळीला गेले आणि मी कामाला लागले. केळीची पानं विस्तवावरून फिरवून मऊ केली. पीठ थापलं, बीफ भरलं, गुंडाळलं, पानाच्याच दोरीने बांधलं. पहिले पंधरा झाले, तेवढेच भांड्यात मावत होते. पीठ अजून अर्धं उरलं होतं. तळाला पाणी, वर जाळी, जाळीवर तमाले उभे. झाकण लावलं, बटण दाबलं. हे मशिदीत लवकर जाऊन पुढे बसतात, ते गेले. मी ओट्याला टेकून उभी राहिले.

कशासाठी? शिट्टीसाठी.

आता हसा खुशाल. पण सासरी आल्यापासून मी घड्याळ बघून काही शिजवलेलं नाही. भात दोन शिट्ट्या, डाळ तीन, मटण सहा आणि मग मंद. शेजारणीकडे काय शिजतंय हे मी भिंतीपलीकडून शिट्ट्या मोजून सांगते. हा कुकर थोडा फुसफुसला, एक बारीक खिट्टी वर आली आणि मग जो गप्प झाला तो झालाच. पंधरा मिनिटं गेली, वीस गेली. शिट्टी नाही. म्हटलं, हा काही तापत नाही. बटण बंद केलं, झाऱ्याने वरची चावी ढकलली, तर वाफेचा असा झोत निघाला की मी मागच्या मागे फ्रीजवर आदळले. आत बघितलं, पीठ पानाला चिकटलेलं, कच्चं. परत लावलं. परत वीस मिनिटं, परत शिट्टी नाही, परत चावी, परत ढगभर वाफ. प्रत्येक वेळी वाफेबरोबर तळाचं पाणी जातंय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तिसऱ्यांदा लावला आणि करपल्याचा वास आला. कुकरवर इंग्रजीत काहीतरी लाल अक्षरं लुकलुकायला लागली.

नेमकी तेव्हाच बेल वाजली. दोघं जेवायला नमाजनंतर यायची होती. दार उघडलं तर ती एकटीच उभी, डोक्याला निळा स्कार्फ, हातात खजुराचा डबा. खाली गाडीतून मुलगा ओरडला, "अम्मी, जुम्मा निघून जाईल, मी थेट मशिदीत जातो!" आणि गेलाही. दोन वर्षांनी पहिली भेट, मधे बोलायला कोणी नाही, आणि घरभर धूर.

ती "अस्सलामु अलैकुम" म्हणाली आणि नाक वर करून थांबली. मग सरळ स्वयंपाकघरात गेली. मी मागे मागे. तिने कुकरचा प्लग काढला, खिडकी उघडली, झाकण उघडून आत वाकून बघितलं. खालचे तमाले कोळसा, वरचे वाळून दगड झालेले. ती बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता जमीन फाटावी. तिच्या आईच्या हातच्या पदार्थाची मी माती केली होती आणि तीही तिच्या डोळ्यांदेखत.

तिने इंग्रजीत विचारलं, "हे करायला तुमच्याबरोबर कोण होतं?"

माझं इंग्रजी दुकानापुरतं. म्हटलं, "नोबडी. ओन्ली मी."

ती म्हणाली, "आमच्याकडे तमाले एकटीने कोणी करत नाही. आई, मावश्या, शेजारणी, सगळ्या टेबलाभोवती बसतात. एकटीने करणं फार वाईट दिसतं." आणि तिने स्कार्फ मागे बांधला, बाह्या वर सारल्या आणि उरलेलं पीठ पुढ्यात ओढलं. माझी परवानगी वगैरे काही नाही. दुसरं कोणी असतं तर मी खवळले असते. मी मुकाट्याने खाली सुफ्रा, आमची जेवणाची चादर, अंथरला आणि पानं घेऊन बसले.

तिने पिठाचा एक गोळा पेल्यातल्या पाण्यात टाकला. तो बुडाला. तिने मान हलवली, अजून तूप घातलं, थोडा रस्सा घातला आणि हाताने असं फेटलं की पिठाचा रंग बदलला. परत गोळा टाकला, तरंगला. मग ती थापायला लागली, मी भरायला आणि बांधायला. केळीचं पान बघून ती म्हणाली, तिच्या आजीच्या गावी, दक्षिणेला, केळीच्याच पानात करतात. मला उगाच बरं वाटलं.

कुकर घासून तिने लावला तेव्हा मी न राहवून विचारलं, "शिट्टी कधी?" तिला कळेना. मग मी ओठांचा चंबू करून शिट्टीचा आवाज काढला, एक, दोन, तीन, आणि बोटं दाखवली. ती बघतच राहिली. मग जी हसायला लागली की ओट्याला धरून खाली बसली. "नो," ती डोळे पुसत म्हणाली, "हा बोलत नाही. नुसतं थांबायचं."

नुसतं थांबायचं! मला ते कधी जमलंय? पण आता दुसरा इलाज नव्हता. आम्ही दोघी समोरासमोर बसलो. कुकर गप्प, ती गप्प. शिट्टी असती तर निदान उठून गॅस बारीक करायचं निमित्त मिळालं असतं. पाच मिनिटं मी पदराशी चाळा केला आणि मग बोलले. "सॉरी" नाही म्हटलं. ते मॉलमध्ये ट्रॉली लागली तरी म्हणतात. जमेल तशा इंग्रजीत, मधे मधे मराठीत, मी म्हटलं, "त्या दिवशी फोनवर मी वाईट बोलले. तुझा काही गुन्हा नव्हता. मुलगा हातातून जाईल या भीतीने बोलले. मला माफ कर."

तिने ऐकून घेतलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. ती म्हणाली, "माफ केलं असं आता म्हटलं तर ते खोटं होईल. माझ्या आईने मी कलमा पढल्यापासून मला घरात घेतलेलं नाही. मला वाटलं होतं, एक आई गेली तरी एक मिळेल. आणि तुम्ही तसं बोललात. ते अजून दुखतं."

या अल्ला. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मुलाने सांगितलं नव्हतं, आणि मी तरी कधी विचारलं होतं? मी जे एक वाक्य रागाच्या भरात फेकलं, ते दोन्ही दारं बंद झालेल्या पोरीच्या तोंडावर फेकलं होतं. मी रडले. लाज वाटण्यापलीकडे गेले होते मी.

तिने मला रडू दिलं. मग जरा वेळाने म्हणाली, "मला एक विचारायचं होतं. आज त्यासाठीच आले. मक्क्यात नमाजच्या वेळी मला बायकांच्या बाजूला जावं लागेल. तो बरोबर नसेल. मला नमाज येते, पण एवढ्या बायकांत एकटीने उभं राहायची भीती वाटते. कोणी म्हणालं, तू इथली नाहीस, तर? तुम्ही याल?"

मी हो म्हणून मान हलवली. कुकरने तेवढ्यात बारीक टिक् टिक् केलं आणि ती उठली.

जुम्म्यानंतर ओळखीच्यांना भेटत बाप-लेक तासाभराने आले तेव्हा दोघांच्या चेहऱ्यावर धाकधूक होती. आम्ही ताटं लावत होतो. ह्यांनी पान सोडलं, एक घास घेतला, दुसरा घेतला आणि म्हणाले, "पातोळ्यात बीफ भरायचं हे आपल्या बायकांना इतक्या वर्षांत का नाही सुचलं?" मुलगा नऊ तमाले खाऊन उठला. संध्याकाळी ह्यांनी ॲपवर माझंही उमऱ्याचं परमिट काढलं, विमानाचं तिकीट काढलं.

मक्क्यात पहिल्याच संध्याकाळी, मगरिबच्या नमाजला, आम्ही दोघी बायकांच्या बाजूला गेलो. गर्दी मी म्हणत होती. तिने माझ्या बुरख्याची बाही मुठीत धरली होती. रांगा लागायला लागल्या, खांद्याला खांदा. एक दांडगी बाई आमच्या दोघींच्या मधे घुसायला लागली आणि सुनेला हाताने मागच्या रांगेत जा म्हणून खुणावू लागली. माझं डोकंच फिरलं. मी हात आडवा घालून सरळ मराठीत ओरडले, "ए बाई, हिला हात लावायचा नाही! ही माझी आहे!" ती बाई चपापली आणि पलीकडे सरकली.

सून माझ्याकडे बघत होती. तिने हळूच विचारलं, "तुम्ही तिला काय म्हणालात?"

मुलगा पुरुषांच्या बाजूला होता. या वेळी सांगायला दुसरं कोणी नव्हतं. माझ्या मोडक्या इंग्रजीत मीच तिला सांगितलं. तिने बाही सोडली आणि माझा हात धरला. नमाज सुरू व्हायची तकबीर झाली, हात बांधायचे होते, तरी आम्हा दोघींनाही तो लगेच सोडवेना.