जिवंत मुलाचा श्रद्धांजली फलक

मुरुमच्या पोलीस ठाण्यात मी अधिकारी होतो, तेव्हाची ती दुपार. बाजाराचा दिवस, निम्मे शिपाई बंदोबस्ताला गेलेले. फ्लेक्स छापणारा एक ओळखीचा दुकानदार मागच्या दाराने आत आला आणि मोबाइल पुढे करून म्हणाला, "साहेब, ह्या पोराचा श्रद्धांजलीचा बॅनर सांगितलाय. पोरगं तर सकाळीच माझ्या दुकानापुढनं गाडीवर गेलं." फलकावर निधनाची तारीख उद्याची होती.

ऑर्डर देणारा कॉलेजचा पोरगा होता, जेमतेम विशीचा. तासाभरात ठाण्यात आणला. मस्करी केली, एवढंच तो सांगत राहिला. आमच्या हवालदाराला ते पटलंही. दम देऊन सोडू म्हणाला. मला पटेना. पोरगा भिंतीला पाठ लावून बसला होता आणि दाराशी पाऊल वाजलं की दचकत होता. नुसती टवाळी करणारी पोरं साहेबाकडे बघतात, दाराकडे नाही. मी आवाज खाली आणून विचारलं, कुणाला भितोस? तो ढसाढसा रडायला लागला.

"त्या फोटोतल्यानं मला स्टँडवर मारलं, व्हिडिओ समद्यांना धाडला. आता म्हनतो जित्ता सोडत न्हाय. म्या काय वाट बघत बसू?"

कोयता त्याच्या गाडीच्या डिकीत निघाला. फलक आधीच छापून घेतला म्हणजे ऐनवेळी कच खाता येणार नाही, असं त्यानं ठरवलं होतं.

फोटोतला पोरगा घरी नव्हता, फोनही बंद. तो सापडेपर्यंत मला पाणी गोड लागलं नाही. अखेर कॉलेजच्या मागे एकटाच बसलेला सापडला. त्याच्याही पिशवीत कोयता होता. "त्यो मला मारनार हाय, समदी पोरं म्हनत्यात," एवढंच तो बोलला.

दोन्ही कोयत्यांचा पंचनामा झाला, प्रतिबंधक कारवाई झाली, व्हिडिओ आम्ही समोर बसून मोबाइलमधून पुसायला लावला. वडिलांसमक्ष दोघांना एका खोलीत बसवलं, तर दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघत होते. घरात कुणालाच काही माहीत नव्हतं. एका बापाने विचारलं, "साहेब, पोरगं भ्यालंय हे आमाला कसं कळंना?"

तेव्हापासून मी रागावलेल्या पोराला आधी भीतीबद्दल विचारत आलो. आता निवृत्त आहे. पण रस्त्यात श्रद्धांजलीचा फलक दिसला आणि चेहरा कोवळा असला, की गाडी थांबवून नाव वाचतो. त्या दोघांपैकी कुणाचं नाही, हे बघूनच पुढे जातो.