मास्तरांना ताप येत नाही

सकाळी आधी मशीनला तेल, मग स्वतःला चहा. ओठांत टाचण्या धरून बोलणं. गिऱ्हाइकाचं पोट मोजलं की आकडा एक इंच कमी सांगणं, कापड मात्र बरोबर कापणं. सुई बोटात घुसली की हात दोनदा झटकायचा आणि पुढचा टाका घालायचा.

मास्तरांचं हे सगळं तिला पाठ होतं. ती दुकानाच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायची. साहित्य शिकलेली, म्हणून मास्तर तिला पुस्तकबाई म्हणत. सोमवारी तिची पहिली नोकरी सुरू होणार होती. कोट मास्तर शिवत होते.

"तरुणपणी सुई टोचली की बोट रात्रभर ठणकायचं," ते बोट पुढे करून म्हणत. "आता लालसुद्धा होत नाही. पोलाद झालंय, पोलाद! लस घेतली तेव्हा लेकीचा दंड भोपळ्याएवढा सुजला. मला कळलंही नाही."

"हो, आणि मी कण्हत होते तेव्हा बाबा हसत होते," लेक म्हणाली.

त्या गुरुवारी मास्तरांनी उजवी बाही डावीकडे जोडली. तिनं दाखवलं. एरवी ते स्वतःवरच विनोद करत. आज त्यांनी मुकाट्यानं टाके उसवले. डबाही तसाच परत गेला होता.

लेकीनं थर्मामीटर लावला. ताप नव्हता.

"मास्तर, तरी दवाखान्यात जाऊन येऊ," पुस्तकबाई म्हणाली.

"ताप नसताना? डॉक्टर हसेल. आधी तुझा कोट. नाहीतर बिनबाहीची बाई म्हणतील तुला."

लेक हसली. तीही हसली. थर्मामीटरपुढे कोण काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तरांना स्टुलावरून उठता येईना. इस्पितळात कळलं, दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया.

"पण ताप नव्हता हो," लेक पुन्हा पुन्हा सांगत होती.

"ताप जंतू आणत नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जंतूंशी लढताना शरीरच तो आणतं. सूजही तशीच. म्हातारपणी लढणाऱ्या पेशी मंदावतात, एकमेकींच्या हाका उशिरा ऐकतात. आजार आत शिरतो आणि अंग गारच राहतं. या वयात माणूस गोंधळला, जेवण तुटलं, की तोच ताप समजायचा."

तिला उलटी बाही आठवली.

मास्तर रविवारी गेले. दुखणं अंगावर काढलं, असं शेजारी म्हणाले. अंगाला ते कळलंच नव्हतं.

सोमवारी ती जुना स्वेटर घालून कामावर गेली. संध्याकाळी लेकीनं दुकान उघडून दिलं.

"घेऊन जा. दुसरा कुणीतरी पुरा करील."

कोट हँगरवर होता. उजवी बाही पक्की शिवलेली. डावीला पांढऱ्या दोऱ्याचे कच्चे टाके, खांद्यापासून काखेपर्यंत. तिथे सुई टोचून ठेवलेली होती, दोऱ्यासकट.