नाव विचारणारा टॅक्सीवाला

‘शरण’ हा शब्द मला कधी सोसला नाही. आमच्या घरी खेळण्यांपेक्षा चळवळीची पत्रकं जास्त होती. आधी विचार, मग विश्वास, हे मी त्यांच्यातूनच शिकले. विहारात वंदनेच्या वेळी ‘शरणं गच्छामि’ आलं की माझा आवाज खाली यायचा. कोणापुढे झुकायचं, आणि का?

यंदा बुद्धपौर्णिमेच्या सकाळी आई पांढरी साडी नेसून विहारात निघाली आणि दारातच छाती धरून खाली बसली. रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या त्या घरात आम्ही दोघीच. मी मोबाइलवर अ‍ॅपची गाडी मागवली. मला तीच व्यवस्था पटायची. चालकाचं नाव, गाडीचा नंबर, भाडं, सगळं आधीच समोर. तुम्ही कुठल्या समाजाचे, ही चौकशी नाही. चालकाचा फोन आला, “कहाँ जाना है?” दवाखान्याचं नाव ऐकलं आणि त्याने फेरी रद्द केली. दुसऱ्यानेही तेच केलं. त्यांना आजारी माणूस नको होतं, की माझं आडनाव खटकलं? ते मला कधीच कळणार नाही. अ‍ॅपवर नाकारणाऱ्याला तोंड दाखवावं लागत नाही.

नाक्यावरच्या टॅक्सीवाल्यांवर तर माझा मुळीच भरवसा नव्हता. माणूस अडलेला दिसला की भाव वाढवणारे लोक. तरी धावत गेले. एक म्हातारा चालक काही न विचारता गाडी दारापर्यंत घेऊन आला. आम्ही आईला मागच्या सीटवर टेकवलं आणि गाडी सुरू करताना तिच्याकडे पाहत तो म्हणाला, “दीदी का नाम?”

माझ्या अंगाची आग झाली. त्याच्या कपाळाला टिळा, समोर देवाची तसबीर, आणि आमच्या अंगावर आजच्या दिवसाचे पांढरे कपडे. नावामागून कोणता प्रश्न येतो, ते मला ठाऊक होतं.

“नाम से क्या करना है आपको?”

“बता तो, बेटी.”

“सुशीला. बस, इतना ही.”

त्याने मुख्य रस्ता सोडला आणि गाडी ब्राह्मणपारा या जुन्या वस्तीकडच्या गल्ल्यांत घातली. मोबाइलचा नकाशा वेगळंच सांगत होता. मी ओरडले, “रास्ता उधर है!”

“उधर जुलूस है, बेटी.”

मला ते खोटं वाटलं. मिरवणूक आमचीच होती. तिच्या मार्गाचं पत्रक मीच लिहिलं होतं, आणि संशयाच्या भरात तेच विसरले होते.

“फोन काहून पाहून राहिली वं?” आई कशीबशी म्हणाली. “मले धर ना.”

मी फोन ठेवला. तिचा हात गार होता, डोळे मिटत होते. तेवढ्यात पुढून छत्तीसगढीत हाक आली, “सुशीला दीदी! सुनत हव ना?”

“हव,” आई होकार देत पुटपुटली.

पुढच्या वळणावर पुन्हा, “सुशीला दीदी, सोना नहीं!”

“झोपू देते कुठं हा बाबा,” आई वैतागली. मी हसता हसता रडले. नाव त्याला एवढ्याचसाठी हवं होतं.

डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. बाहेर आले तर तो फाटकाशी गाडीजवळ थांबलेला. “दीदी?” मी मान हलवली. त्याने तसबिरीकडे पाहून हात जोडले, मी त्याच्याकडे पाहून.

आई आता बरी आहे. नाव विचारणाऱ्याचा संशय मला आजही येतो. तो येण्याची कारणं अजून संपलेली नाहीत. पण एका हाताने नकाशा धरून दुसऱ्या हाताने आईला धरता येत नाही, हे त्या गल्ल्यांत कळलं. आता वंदनेत ‘शरण’ म्हणताना माझा आवाज खाली येत नाही. तेव्हा तो टॅक्सीवाला आठवतो. अ‍ॅपने त्याचं नाव न विचारता सांगितलं असतं. मी मात्र ते विचारलंच नाही.