सुकी पुरी आणि माझे निर्दोष पाणी

आमच्या घरात टायफॉईड होणे शक्यच नव्हते, आणि तो मलाच झाला.

कर्वेनगरच्या आमच्या स्वयंपाकघरात पाणी उकळते तेव्हा मी घड्याळ घेऊन शेजारी उभा असतो. लेक मुक्ता पाणीपुरी खायला निघाली, की उकळलेल्या पाण्याची बाटली घेऊन मी सोबत! वसतिगृहात जाण्याआधी तिने टायफॉईडची लस घेतली, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्हीही घेऊन टाका."

"मी उकळलेलं पितो," मी बाणेदारपणे सांगितले.

आणि ताप आला. मी तक्ता आखला : सकाळी १०१, संध्याकाळी १०३. रक्त तपासले तर टायफॉईड! अंथरुणातूनच मी सोसायटीच्या अध्यक्षांना फोन लावला.

"अहो, तुमच्या टाकीत टायफॉईड आहे!"

"टाकी तुमचीही आहे. आणि बाकीच्या एकोणचाळीस घरांत कुणी शिंकलंसुद्धा नाही."

डॉक्टरीणबाईंनी विचारले, "गेल्या दोन-तीन आठवड्यांत बाहेर काय खाल्लंत?"

"काहीही नाही!"

"बाबा, सुकी पुरी," सुट्टीला घरी आलेली मुक्ता पचकली.

(पाणीपुरी तिची, शेवटची सुकी पुरी माझी, हा आमचा जुना करार.)

"तिच्यात पाण्याचा थेंब नसतो, म्हणून तर खातो!"

"अहो, पण पाणीपुरीवाल्याचा हात असतो ना?" बायको म्हणाली. "आणि तुमचा? धुतला होतात?"

"उकळलेलं पाणी हातावर ओतून वाया घालवू?"

डॉक्टरीणबाई हसू दाबत म्हणाल्या, "नक्की कशाने झाला ते सांगता येणार नाही. पण न धुतलेल्या हातांनीही टायफॉईड पोटात जातो."

"म्हणजे माझं पाणी निर्दोष!"

"पाणी निर्दोष. गोळ्या चौदा दिवस."

सहाव्या दिवशी ताप ९८.४ वर आला. गोळ्या थांबवण्याचा प्रस्ताव मी फोनवर मांडला.

"चौदा म्हणजे चौदा. ताप गेला म्हणून मध्येच सोडल्यात तर दुखणं उलटेल. आकडे आवडतात ना तुम्हाला?" फोन बंद.

चौदा दिवस पुरे केले. पुढे बाईंनी सांगितले तेव्हा निमूटपणे लसही टोचून घेतली. पण गप्प बसणारा मी नव्हे! गेल्या रविवारी पाणीपुरीवाल्याला साबणाची नवी वडी नेऊन दिली आणि हात धुण्यावर भाषण ठोकले.

त्याने सगळे ऐकले, माझ्या हातांकडे पाहिले आणि वडी परत पुढे केली. "काका, पहिले तुम्ही."

धुतले. उकळलेल्या पाण्याने!