आपांनी उघडलेली मेल

पनवेलमधल्या, बंदरातला माल कस्टममधून सोडवून देणाऱ्या एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात मी कॉम्प्युटर सांभाळायचो. एका सकाळी रिसेप्शनवरच्या आपा धावत आल्या. नवऱ्याने कुवेतहून पार्सल पाठवलं असेल असं वाटून त्यांनी ‘तुमचं पार्सल आलंय’ अशा अनोळखी मेलमधली फाइल उघडली होती.

“काहीच दिसलं नाही, पण मशीन एकदम स्लो झालंय. माझी नोकरी जाईल का हो?”

मी आधी नेटवर्कची वायर काढली. तपासल्यावर कळलं की ते मशीन कुणा परक्याच्या हुकमावरून परस्पर तसल्याच मेल पाठवत सुटलं होतं. मग बाकीची मशीनं एकेक करून पाहिली. सगळी स्वच्छ निघाली.

“आपांनी लगेच सांगितलं म्हणून वाचलो,” मी साहेबांना म्हणालो.

साहेब आपांकडे वळून म्हणाले, “बरं केलंत.”

आपा खुर्चीत बसल्या आणि तेव्हा कुठे त्यांना रडू आलं. माझ्याही मनावरचं ओझं उतरलं.